कपाळावरचं पाणी

आमच्या शाळेत मैदानावर जाण्याआधी प्रार्थना होत नाही, फवारणी होते. पोरं रांगेत उभी राहतात, मी पाठीला पंप अडकवते आणि एकेकाला डोक्यापासून पायापर्यंत भिजवते, कपाशीवर औषध मारतात तसं. बाहेरगावचा पाहुणा हे बघतो तेव्हा त्याला वाटतं, एक तर या बाईंचं डोकं फिरलंय, नाहीतर चंद्रपूरच्या पोरांना कीड लागलीय. दोन्ही खरं नाही. आमच्या पोरांना घाम येत नाही, एवढंच.

मी ओवी, खेळाची शिक्षिका. आवाज मोठा, शिट्टी त्याहून मोठी आणि राग नाकाच्या शेंड्यावर, असं आमचे मुख्याध्यापक म्हणतात. खो-खो हा माझा जीव की प्राण. मी जिल्ह्याच्या संघात होते तेव्हा आम्ही पोरी भर एप्रिलात घामाने निथळत खेळायचो आणि एकमेकींच्या जर्सीला तोंड पुसायचो. आता माझी पोरं तोंड पुसत नाहीत. पुसायला काही नसतंच.

होळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळचाच तास. चौथीतली ईश्वरी कोवे पळत होती आणि मागे लागलेल्या पोरींना झुकांड्या देत होती. ही मुलगी हाताला लागत नाही, हे सगळ्या शाळेला ठाऊक. खांबाला वळसा घालून ती निघाली आणि निघाली तशीच मटकन खाली बसली. मला वाटलं, घसरली. जवळ गेले तर चेहरा लालभडक, डोळे अर्धवट मिटलेले. कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तापलेलं, आणि ठणठणीत कोरडं. फवारलेलं पाणी केव्हाच उडून गेलं होतं.

तिला उचलून कडुनिंबाखाली आणलं. ओले टॉवेल काखेत, मानेवर, मांड्यांवर ठेवले, दोन पोरींना वारा घालायला बसवलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"मॅडम, मी आउट झाली का?"

"नाई बेटा. कोणाचा हात नाई लागला तुले," मी म्हटलं आणि रडू आवरायला शिट्टी दातांत धरली.

पोरांना घाम येत नाही याचा दोष त्यांच्या बाळपणीच्या दुपट्याला द्यावा, तर जीभ रेटत नाही. मी शाळकरी असताना आमच्याकडे एक उन्हाळा असा आला, की रात्रीही भिंती निवल्या नाहीत. कूलर नुसती गरम हवा फेकत होते. खिशात कांदा टाकून नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, बाजार हिंडणारे आमचे लोक, पण त्या वर्षी तेही घरात दडून बसले. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातली कितीतरी तान्ही बाळं गेली. पुढे काही वर्षांनी गारदुपटं आलं. दिसायला साधं, मऊ, अंगड्यासारखं घालायचं. कापडात केसाएवढ्या बारीक नळ्या, त्यांतून फिरणारं द्रव, आणि कपाळावर नि काखेत चिकटणाऱ्या दोन पट्ट्या. बाळ जरा तापलं की दुपटं त्याला निववतं, गार पडलं की ऊब देतं. सरकारने ते प्रत्येक बाळंतिणीला दिलं आणि तेव्हापासून आमच्याकडे उन्हाने एकही बाळ गेलेलं नाही. असल्या वस्तूला नावं कोण ठेवणार?

पण त्या दुपट्यात वाढलेली पहिली पोरं आता माझ्या मैदानावर आली होती.

आणि एक माझ्या घरीही होतं. कागदोपत्री शलाका, घरात ठिणगी. हे नाव माझ्या बाबांनी ठेवलेलं. त्यांचा जन्म वीज केंद्राच्या बॉयलरपाशी गेला, त्यांना दुसरं काय सुचणार? त्या दुपारी घरी आले तेव्हा ठिणगी दुपट्यात गाढ झोपली होती, फ्रिजमधल्या काकडीसारखी गारगार. इतकी वर्षं बाया एकमेकींना सांगत आल्या, पोर गार झोपलं म्हणजे आईने सुखाने जेवावं. मला मात्र घास उतरेना.

*

ईश्वरीला घेऊन मी वैद्यकीय महाविद्यालयात गेले, तिथे डॉक्टर झरीन काझी भेटल्या. शरीराचं काम कसं चालतं हे त्या शिकवतात. बाई लहानखुरी, आवाज बारीक, पण बोलणं असं, की समोरचा आपोआप ताठ बसतो.

त्यांनी आम्हा दोघींचा एकेक हात टेबलावर ठेवायला लावला. दोन्ही हातांवर आयोडीन लावलं, ते सुकल्यावर वरून कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं आणि आम्हाला गरम खोलीत बसवलं. थोड्याच वेळात माझ्या हातावर निळे-काळे ठिपके उमटायला लागले. बघता बघता खसखस सांडावी तसा हात भरून गेला. ईश्वरीच्या हातावर इथे एक, तिथे एक, बाकी सगळं कोरं.

"जिथे घाम, तिथे ठिपका," डॉक्टर म्हणाल्या. "आयोडीन आणि पीठ ओलं झालं की निळं पडतं. बाकी काही जादू नाही."

"तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत का?"

"आहेत. तुमच्याइतक्याच. माणूस जन्मताना सगळ्या घेऊन येतो, पुढे नवी एकही मिळत नाही. पण असणं वेगळं आणि चालू होणं वेगळं. नवी कॉलनी बांधली की घरोघरी नळ बसवलेले असतात ना? पण जोडणी अर्ज करेल त्यालाच. अंग तापलं की कातडी अर्ज करते, मेंदूकडून मज्जातंतूंची जोडणी पक्की होते. हे सगळं पहिल्या दोन-अडीच वर्षांत. म्हणून गरम मुलखात वाढलेल्या माणसाच्या जास्त ग्रंथी चालू असतात, थंड मुलखातल्याच्या कमी. हा अंदाज जुनाच आहे. आपण मात्र तो विसरून अख्ख्या जिल्ह्याची पोरं थंड मुलखात वाढवली, इथल्या इथे."

"म्हणजे या पोरांनी अर्जच केला नाही."

"दुपट्याने करू दिला नाही. पण म्हणून ते फेकून देऊ नका हं." त्यांनी बोट उगारलं. "तान्ह्या बाळाचं वजन थोडं आणि त्या मानाने कातडी फार. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तसं ते लवकर गार पडतं. आणि बाहेरचं ऊन त्याला तापवतंही तितक्याच लवकर. थंडीत ते आपल्यासारखं कुडकुडत नाही. खांद्यांच्या फऱ्यांमध्ये त्याच्याकडे तपकिरी चरबी असते, ती जाळून ऊब मिळवतं. गर्मीत मात्र बिचाऱ्याकडे फार उपाय नसतात. लाल होतं, हातपाय पसरतं, रडतं. आणि घाम यायला लागतो तो आधी कपाळावर. मग छाती, हात, पाय सगळ्यात शेवटी."

मी ईश्वरीकडे पाहिलं. ती आपल्या हातावरचे ते दोन-चार ठिपके पुन्हा पुन्हा मोजत होती.

"हिचं काय?"

"जे नळ चालू आहेत त्यांची धार वाढवता येईल, सरावाने. आणि ओलं राहणारं एक जाकीट देते, ते घालून खेळू दे. हिला पळू द्यायचं, थांबवायचं नाही." मग त्यांनी चष्मा खाली घेतला. "तुमच्या घरी लहान मूल आहे?"

"पावणेदोन वर्षांची मुलगी."

"मग इथे काय करताय? घरी जा!"

जाताजाता त्यांनी घामाचे धडे कसे द्यायचे ते सांगितलं. दुपटं काढायचं, पण थोडा वेळच. सकाळच्या कोवळ्या उन्हात खेळू द्यायचं. पाणी पाजत राहायचं. काखेतली तापाची पट्टी तेवढी ठेवायची, आणि आकडा अडतीसला टेकला की लगेच दुपटं. ती अडीच वर्षांची मुदत संपायच्या आत कपाळावर ठिपके दिसले, तर पोरगी जिंकली. "नवतप्याच्या आधी चाचणीला आणा," त्या म्हणाल्या.

*

आता शर्विलबद्दल सांगते. शर्विल माझा नवरा, आणि त्याचं काम गारदुपटी दुरुस्त करण्याचं. केंद्रात दिवसभर त्याच्यापुढे दुपट्यांचा ढीग असतो. नळी चोंदलेली, पट्टी सुटलेली, कुणी चक्क वॉशिंग मशीनमध्ये फिरवलेली. तो एकेक दुपटं असं हातात घेतो, जसं आत अजून बाळ आहे.

त्याला कारण आहे. त्या भयंकर उन्हाळ्यात त्याची पाळण्यातली बहीण गेली. बारसंही झालं नव्हतं. सगळे छकुलीच म्हणायचे. शर्विल तेव्हा शाळेत होता. तिला मांडीवर घेऊन तो पुठ्ठ्याने वारा घालत बसला होता, आणि वारा घालता घालताच ती गेली. हे त्याने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

म्हणून मी धड्यांचं बोलले तेव्हा तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं होतं, ओरडण्यात मी त्याला हरवते.

"ठिणगीचं दुपटं काढून राहिली तू?" तो एवढंच म्हणाला. "मार्च-एप्रिलात? चंद्रपुरात?"

"थोडा वेळ. मोजून-मापून. नाई त ती जन्मभर घरातच राहील, शर्विल. बाप्पा, ईश्वरीले मी हातात उचललं, मले विचार!"

"अन् मी छकुलीले उचललं होतं."

बाबा कोपऱ्यात मटार सोलत बसले होते. माझी आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. मान वर न करता त्यांनी तोड काढली.

"जवाईबापू, चाचणीपावतर करू द्या तिले. चाचणीत काही निंगालं नाई, त तुमचं म्हणणं खरं. मंग काय करायचं ते करा."

चिखलदऱ्याला थंड वसाहत उभी राहत होती. घरं गार, शाळा गार, खेळायचं मैदानसुद्धा छताखाली. तिथल्या दुपटं-केंद्रात त्याला केव्हाचे बोलावत होते. ठरलं ते असं: ठिणगीच्या कपाळावर ठिपके आले तर आम्ही चंद्रपुरात राहणार, आणि नाही आले तर बिऱ्हाड चिखलदऱ्याला. माझं मैदान, माझ्या पोरी, सगळं त्या एवढ्याशा कपाळावर लागलं होतं. आणि ठिणगीचं तर अख्खं आयुष्य.

*

धडे सुरू झाले. पहिल्या दिवशी ठिणगीला अंगणात नुसत्या झबल्यावर सोडली. तिने आयुष्यात पहिल्यांदा उघड्या दंडावर वारा घेतला असेल. आधी चकित झाली, मग खिदळत कोंबड्यांमागे धावली, आणि मग भोंगा पसरला. गाल टोमॅटो झाले, आकडा सरसर वर गेला. कपाळ मात्र कोरडं ते कोरडंच. शर्विल दारात दुपटं उघडून उभा होता. अडतीस होताच त्याने तिला माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडे गेले. बाबा मात्र हरले नाहीत. सकाळी ठिणगीला मांडीवर घेऊन ते बॉयलरच्या गोष्टी सांगत. "पाय बापा, बॉयलर पयल्या दिशी वाफ देते का? नाई देत. त्याले आधी समजावा लागते." ठिणगी त्यांच्या मिशा ओढायची. बाबा रोज तिचं कपाळ बोटाने चाचपत आणि रोज मला सांगत, "आज थोडी वल हाय." मी धावत जाऊन बघायची. कधी लाळ असायची, कधी ताक.

हळूहळू एक मात्र बदललं. ठिणगी पूर्वीपेक्षा उशिरा तापायला लागली. मी ते शर्विलला दाखवलं. "सावली वाढली असंल," तो म्हणाला. पण दारातून एक पाऊल मागे सरकला, हे मी पाहिलं.

चाचणीचा दिवस आला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं: अंगाला तेल नको, पावडर नको, काजळ नको. ठिणगीला टेबलावर बसवल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं.

"तेल लावलं नाही ना?"

"नाही," मी ठामपणे सांगितलं. बाबांनीही मान हलवली.

कपाळावर आयोडीन लावलं. वरून पीठ. मग गरम खोली. ठिणगी माझ्या मांडीवर, तापाचा आकडा चढतोय, आणि माझी नजर तिच्या कपाळावरून हलत नाही. वाटलं, आता येईल ठिपका. भुवईच्या वर काहीतरी दिसलं. डाग नव्हता, माझ्याच पापणीचं पाणी मधे आलं होतं. आकडा अडतीसला टेकला. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. इतक्या कमी शब्दांत बोलताना मी त्यांना प्रथमच पाहत होते.

शर्विलने ठिणगीला दुपट्यात गुंडाळलं. तो जिंकला होता, पण त्याच्या तोंडावर जिंकल्याचं काहीच नव्हतं. घरी येताना बडबडत होती ती फक्त ठिणगी.

*

चिखलदऱ्याला जायची बांधाबांध सुरू झाली. मी खोक्यात भांडी भरत होते आणि प्रत्येक भांडं मुद्दाम आपटून ठेवत होते. दुपारची वेळ होती. शर्विल ठिणगीला दुपटं घालत होता. काखेतली पट्टी बसली, कपाळावरची बसेना. लावली की घसरायची. त्याने पुन्हा लावली, पुन्हा घसरली.

मग तो थांबला. तिच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. तसाच बसून राहिला, बोट नाकाशी धरून. मी त्याच्याकडे पाहत होते आणि मला काहीच उमगत नव्हतं. त्याने एकदा खोक्यांकडे पाहिलं, एकदा ठिणगीकडे पाहिलं.

"मामाजी," त्याने हाक मारली. "आज पोट्टीची टाळू भरली का तुमी?"

बाबा आतून आले. "हाव. रोज भरतो. तिळाचं तेल. काहून?"

"डॉक्टरकडे नेली, त्या दिशीबी?"

"त्या दिशी त चांगली थबथबीत भरली. एवढ्या उन्हात नेऊन राहिले होते तुमी तिले!"

"बाबा!" माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. "डॉक्टरांनी विचारलं ना, तेल लावलं का म्हणून! तुमी मान हलवली!"

"मंग? अंगाले कुठं लावलं होतं?" बाबा खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "टाळू भरणं म्हंजे तेल लावणं होते का कधी?"

आमच्याकडे हे असंच आहे. तेल लावणं म्हणजे मालिश. टाळू भरणं हे दात घासण्यासारखं, त्याची गणती कोणी करत नाही. मीही केली नव्हती, मग त्यांना काय बोल लावू? टाळूवरचं ते तेल वाटेतल्या उन्हातच कपाळावर ओघळलं होतं. तेलावर ना आयोडीन धरतं, ना पीठ ओलं होतं. खाली घामाचा पूर आला असता तरी वर एक ठिपका उमटला नसता.

"केंद्रात निम्म्या तक्रारी ह्याच असतात," शर्विल म्हणाला. "पट्टी चिकटत नाई म्हणतात. मी म्हणतो, तेल पुसा. रोज म्हणतो. अन् माह्याच घरात..." त्याने मान हलवली. "ते चाचणी खरी नोती, ओवी."

मी त्याच्यापुढे जाऊन बसले. मला रागही आला होता, आनंदही झाला होता, आणि भीती त्याहून मोठी होती.

"तू गप्प राहिला असता, त आपण उद्या चिखलदऱ्याले असतो," मी म्हटलं. "तुले तेच पायजे होतं ना?"

"राहणारच होतो गप्प." त्याने ठिणगीचं तेलकट कपाळ तळहाताने पुसलं. "पण छकुलीच्या वेळी कोणालेच काही माहीत नोतं. आता मले माहीत हाय. माहीत असून गप्प बसलो, त मी तिच्यापाशी कोणत्या तोंडानं जाऊ?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा नवरा मला खरा कळला तो त्या दुपारी, भांड्यांच्या पसाऱ्यात.

डॉक्टर काझींना फोन केला. त्या आधी बाबांना भरपूर बोलल्या. बाबांनी फोन कानापासून लांब धरून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खोलीबिलीची वाट कशाला पाहायची? मैदान आहे ना तुमचं? उद्या सकाळी येते."

*

सकाळी शर्विलने ठिणगीचं डोकं आणि कपाळ डाळीच्या पिठाने दोनदा धुतलं. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभे होते. "मी हातच लावत नाई," ते सगळ्यांना सांगत होते.

मैदानावर ईश्वरी आधीच आली होती, ओल्या जाकिटात, पाय आपटत. तिच्याबरोबर खो-खोच्या चार पोरी. डॉक्टरांनी ठिणगीच्या कपाळावर आयोडीन लावलं, आणि आमच्याच स्वयंपाकघरातल्या चहाच्या गाळणीतून वर कॉर्नफ्लोअर चाळलं. पोरगी जत्रेतून आल्यासारखी दिसत होती. शर्विलने काखेत तापाची पट्टी लावली आणि आकडा दिसायला फोन हातात घेतला. दुपटं त्याच्या खांद्यावर, उघडून तयार.

"पळ!" ईश्वरी म्हणाली आणि स्वतः पळाली. ठिणगी तिच्यामागे दुडुदुडु धावत सुटली.

"सदोतीस दोन," शर्विल म्हणाला.

ईश्वरी तिला खांबाभोवती फिरवत होती. ऊन चढत होतं. कपाळ पिवळंच होतं.

"सदोतीस पाच. सदोतीस सात."

ठिणगीचे गाल लाल झाले. एकदा पडली, उठली, हसली, पुन्हा धावली. डॉक्टर डोळ्यांवर हात धरून बघत होत्या.

"सदोतीस नऊ."

मला राहवलं नाही. मी म्हणजे घामाच्या धड्यांची पुरस्कर्ती, शाळेतली वाघीण. पण मीच शिट्टी तोंडाकडे नेली. खेळ थांबवायचा, दुपटं घालायचं, चिखलदरा तर चिखलदरा. तेवढ्यात माझ्या मनगटावर हात पडला.

"थांब," शर्विल म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि डोळे फोनला खिळले होते. "अडतीस नाई झाले अजून."

"शर्विल, बस झालं..."

"थांब म्हणतो ना!" आकडा तिथेच अडकला होता. सदोतीस नऊ. पुन्हा सदोतीस नऊ. आणि मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. "आठ. ओवी, आठ झाले. कमी होऊन राहिला! पोट्टी पळून राहिली, दुपटं माह्या खांद्यावर हाय, अन् आकडा कमी होऊन राहिला!"

आम्ही सगळे एकदम धावलो. ईश्वरीने ठिणगीला उचलून धरलं होतं आणि ती किंचाळत होती, "मॅडम, निळं! मॅडम, निळं निळं!"

भुवईच्या वर एक ठिपका. त्याच्या शेजारी दुसरा. केसांच्या कडेला दहा-बारा. आमच्या डोळ्यांदेखत ते वाढत होते, एकमेकांना भिडत होते. डॉक्टरांनी भिंग काढलं, मग ते नुसतंच हातात धरून ठेवलं. भिंगाची गरजच नव्हती. कपाळ भरून गेलं होतं.

"चालू," त्या म्हणाल्या. आणि त्या ताठ बाईंनी चक्क माझ्या पाठीत धपाटा घातला. "कपाळभर चालू!"

ठिणगीला एवढा गोंधळ का चाललाय ते कळेना. तिने कपाळावर हात फिरवला आणि निळा, ओला तळवा डोळ्यांपुढे धरला. पहिल्यांदाच ती स्वतःचं काहीतरी बघत होती. तिच्याकडे त्यासाठी शब्दच नव्हता. तिने तो हात बापापुढे केला.

"पानी," ती म्हणाली.

शर्विल गुडघ्यांवर बसला. तो रडत होता आणि ते लपवायचा त्याने जराही प्रयत्न केला नाही. "पानी नाई माय," तो म्हणाला. "घाम हाय. तुहा सोताचा हाय."

बाबांनी इतका वेळ धरलेले हात शेवटी सोडले. सवयीने खिशातून काजळाची डबी काढली, बोट बुडवलं, आणि ठिणगीच्या कपाळासमोर येऊन अडले.

"आता तीट कुठं लावू हो?" ते म्हणाले. "जागाच नाई!"

सगळे इतके हसलो, की बाजूच्या रस्त्यावरचे लोक कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

हसणं ओसरलं, तरी शर्विल मात्र खांद्यावरच्या दुपट्याकडे बघत होता. दोन बोटांनी त्याची कड चाचपत होता.

"मॅडम," तो डॉक्टरांना म्हणाला, "हे दुपट्यातच बसवता येते. रोज थोडा वेळ त्यानं बाळाले तापू द्यायचं, अडतीसच्या आत. बाळानं घाम काढला की दुपट्यानं थांबायचं. नाई काढला, त दुपट्यानं निववायचं. पट्ट्या त आहेतच. फक्त त्याले सांगावं लागंल, की जरा दम धर."

"सोमवारी सकाळी या," डॉक्टर म्हणाल्या. "आणि सासऱ्यांना घरी ठेवून या."

तो गेला, आणि पुढे महिनोन्‌महिने जात राहिला. आज नव्या दुपट्यात घामाचा तास असतो, आमच्या जिल्ह्यात आणि दूरदूरच्या गरम मुलखांतही. बाळाच्या कपाळावर पहिला घाम आला की आमच्या कॉलनीत पेढे वाटतात, आणि तोवर घामाच्या तासाआधी टाळू भरत नाहीत. हे बाबाच घरोघर जाऊन सांगतात, फार मोठे जाणकार असल्यासारखे. माझी फवारणीची रांग दरवर्षी आखूड होत चालली आहे. एखाद्या सकाळी मी पंप खोलीत ठेवते आणि तो आणायचं विसरूनही जाते.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी ठिणगीला आमच्या बोलण्यात काडीचाही रस नव्हता. तिने निळा हात बापाच्या पांढऱ्या शर्टाला पुसला आणि त्याचं बोट धरून ओढायला लागली. तिला पळायचं होतं. शर्विलने दुपटं खांद्यावरून काढलं, नीट घडी केली आणि कडुनिंबाच्या पारावर ठेवलं. मग चपला काढून तो खांबापाशी जाऊन उभा राहिला. ईश्वरी आणि तिच्या मैत्रिणी पटापट ओळीत बसल्या. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी शिट्टी वाजवली.